चारशे बारा लॉक आणि एक साडू

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही. जुनीत निश्चय फार झाले होते, कामाला जागा उरली नव्हती. ही फक्त माझ्यासाठी. टेबलाच्या खणात ठेवणार. खणाला कुलूप आहे, पण लावणार नाही. घरात माणसं दोन, त्यातल्या एकीला माझ्या कामात काडीचा रस नाही. मग कुलूप कुणासाठी?

निश्चय: रोज चार किलोमीटर चालणे. चिडणे बंद. साडूला फोन करणार नाही, काहीही झालं तरी.

आज चाललो. चार किलोमीटर.

२ सप्टेंबर. संध्याकाळी ७.४०

साहेबाने बोलावलं. साहेब माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, पण खुर्ची त्याची. म्हणाला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नवं मशीन आलंय, तिप्पट वेगाने तपासण्या करतं, आणि मागून आपला प्रोग्राम धापा टाकत येतो. सकाळच्या दोन हजार रिपोर्टना दहा मिनिटं लागतात. सात मिनिटांच्या आत हवेत. तीस तारखेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर चष्मेवालीने लिहिलेला नवा बसवायचा आणि आपला कायमचा बंद.

आपला म्हणे! माझा. एकोणीस वर्षांपूर्वी मी लिहिला. रक्ताचा नमुना मशीनमध्ये जातो, आकडे बाहेर येतात, ते त्या त्या माणसाच्या नावापुढे बसवून रिपोर्ट छापायचा, हे काम तो करतो. एक दिवस सुट्टी नाही, एक दिवस कुरकुर नाही. मूलबाळ आम्हाला झालं नाही. आहे ते हेच. हिला हे वाक्य आवडत नाही, म्हणून फक्त इथे लिहिलं.

चष्मेवाली म्हणजे समोरच्या टेबलावरची. पस्तिशीची बाई, दोन पोरं, दोन वर्षांपूर्वी आली. स्वभावाने बरी आहे, पण प्रश्न फार विचारते.

३ सप्टेंबर

कारण अर्ध्या तासात सापडलं. याला अनुभव म्हणतात.

प्रोग्राममध्ये लॉक आहेत. मोजले. चारशे बारा. एकाच यादीत दोघांनी एकदम लिहू नये म्हणून लॉक असतं. एकाने आत जायचं, कडी लावायची, लिहायचं, कडी काढायची. तोवर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. उत्तम. पण दुसरा असायला हवा ना! माझा प्रोग्राम सिंगल थ्रेड, म्हणजे आत काम करणारा एकच. एकटा जीव सदाशिव. पहिलं काम संपलं की दुसरं. तरी हा बापडा एकेका रिपोर्टसाठी हजार वेळा कडी लावतो आणि हजार वेळा काढतो. घरात एकटाच माणूस, आणि संडासात जाताना आतून कडी घालतो, वर दाराला कान लावून बाहेर कोणी नाही ना ते ऐकतो! दहातली तीन मिनिटं या कड्यांत जातात.

लॉक लावले साडूने. साडू म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचा, ताईचा नवरा. आधी माझा कॉलेजातला मित्र. नोकरीला मी लावला. हिचं स्थळ त्याने आणलं. एवढी सगळी देवाणघेवाण झाल्यावर माणसाने नीट वागावं ना? आठ वर्षांपूर्वी तीन रिपोर्टांची अदलाबदल झाली, याचे आकडे त्याच्या नावावर. चूक साडूची. त्याने तसं लेखी दिलं. मग आठवडाभर बसून माझ्या प्रोग्रामला चारशे बारा लॉक ठोकले आणि नोकरी सोडून गेला. मी त्याला तोंडावर सांगितलं, माझं चालतं पोर पांगळं केलंस. तेव्हापासून बोलणं बंद. पहिल्या वर्षी त्याचे फोन यायचे. मी वाजू द्यायचो. कामात असेल, असं समजला असेल.

पहिल्या लॉकच्या वर त्याची टीप आहे. हे काढू नये, का ते मला विचारावं. विचारतो हं. पुढच्या जन्मी.

हिला सांगितलं की लॉक काढणार. ती वह्या तपासत होती. (शाळेत शिकवते.) मान वर न करता म्हणाली, भावोजींना एक फोन करा आधी. मी म्हटलं, तुझं तू बघ. चिडलो नाही. आवाज फक्त चढला.

४ सप्टेंबर, बुधवार

प्रशस्तिपत्राची काच पुसली. ऑफिसात माझ्या टेबलाच्या वर, भिंतीला आहे. 'राखणदार' या सोयीबद्दल मिळालं होतं. राखणदार दर तासाला मागच्या मागे उठतो, सगळ्या रिपोर्टांची यादी हातात घेतो, प्रत काढतो, यादी जागेवर ठेवतो आणि झोपतो. वीज गेली तरी एक आकडा हरवायचा नाही. इकडे छपाई चालू असते, तिला पत्ताही लागत नाही. ही कल्पना माझी, एकट्याची. हल्लीच्या लोकांना असं काही सुचत नाही.

सात वाजता घरी. बेसिनमध्ये तीन कप. ही म्हणाली, शेजारीण आली होती. एक शेजारीण दोन कप चहा पिते! माझ्या खुर्चीतली उशीही कोणीतरी पाठीमागे उभी करून ठेवलेली. लोकांना दुसऱ्याच्या घरात बसायचंही कळत नाही.

चाललो. चार किलोमीटर.

६ सप्टेंबर

उपाय ठरला. लॉक एक एक उपटत बसायचं नाही, हात लागला तर दुसरंच मोडायचं. त्याऐवजी सकाळी प्रोग्राम सुरू झाला की त्याने एकदाच विचारायचं, मी एकटाच आहे का? उत्तर आलं 'हो', की मनाशी लिहून ठेवायचं, आणि मग दिवसभर कुठल्याही कडीला हात लावायचा नाही. कड्या जिथल्या तिथे, फक्त लावायच्या नाहीत. दोन ओळींचं काम. लिहिताना हसू येत होतं.

आठ वर्षं या दोन ओळी कोणाला सुचल्या नाहीत. मलाही नाही, पण मी रागात होतो.

९ सप्टेंबर, सोमवार

चष्मेवालीने पाहिलं. म्हणाली, कल्पना चांगली आहे, पण सकाळी एकदाच का विचारायचं? प्रत्येक कडीपाशी विचारा. दिवसात मध्येच दुसरं कोणी आलं तर कळेल तरी. मी विचारलं, कोण येणार? तर म्हणे, ते तुम्हाला माहीत, प्रोग्राम तुमचा आहे. मी म्हटलं, बरोबर, प्रोग्राम माझा आहे.

तरी मोजून पाहिलं, उगाच मनात किंतू नको. माझ्या पद्धतीने ६ मिनिटं ४१ सेकंद. तिच्या पद्धतीने ६.५०. म्हणजे तिचंही सातच्या आत येतं, ठीक आहे. पण नऊ सेकंद! नऊ सेकंद काय झाडाला लागतात? घरच्या माणसाला दर दाराशी अडवून विचारायचं, बाबा रे, एकटाच आहेस ना? अपमान आहे हा. माझी पद्धत पक्की केली.

मग म्हणाली, निदान एक पूर्ण दिवस चालवून बघा. सात मिनिटांच्या कामाकडे दिवसभर टक लावून बसू? दहा मिनिटांच्या वर एकही चाचणी मी केलेली नाही. गरजच नाही.

चालणं झालं नाही. पाऊल मुरगळल्यासारखं वाटलं.

११ सप्टेंबर, बुधवार. दुपारी ४.३०

हे लिहितोय ते रागाने.

निश्चय केला होता की जे ऑफिसात तेच घरी. डोकं दुखत होतं म्हणून तीनला घरी आलो. ही शाळेतून यायची होती. घरात मी एकटा. अंघोळीला गेलो आणि तत्त्व म्हणून कडी लावली नाही. साबण अंगभर, डोळे मिटलेले, आणि दार उघडलं. ताई!

ती ओरडली. मी ओरडलो. बादली लवंडली. तिने दार इतक्या जोरात आपटलं की आरसा खाली आला.

ताईकडे आमच्या घराची किल्ली आहे! आठ वर्षं बोलणं नाही, आणि किल्ली आहे! कपडे करून बाहेर आलो तर म्हणते, पुस्तक परत द्यायला आले होते, हात धुवायला आत शिरले. आठ वर्षांत हात धुवायला माझंच बाथरूम सापडलं. खाली जिन्यात कोणीतरी पुरुष मोठ्याने हसला आणि पायऱ्या उतरून गेला. वरच्या मजल्यावरचा असणार, त्याला कशाचंही हसू येतं.

मग ही आली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या. खांदे हलत होते. नंतर हिने मला समजावलं की घरात असताना कडी लावत जा, काही बिघडत नाही त्याने. मी विचारलं, ताई येते कधीपासून? म्हणाली, येते अधूनमधून.

एक लक्षात ठेवलं पाहिजे. अधूनमधून येणारा माणूस घरातला धरत नाहीत. तो पाहुणा. पाहुण्यासाठी घराची रीत बदलत नाहीत. माझ्या तत्त्वाला यामुळे काहीही धक्का लागत नाही. ताईने दार वाजवायला हवं होतं.

१३ सप्टेंबर

आरसा नवा बसवला. तिरका बसलाय, पण बसलाय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज साहेबासमोर दाखवलं. लॅबच्या मुख्य बाईही आल्या होत्या. पन्नाशीच्या, कडक, हसत नाहीत. दोन हजार रिपोर्ट, ६ मिनिटं ४१ सेकंद. साहेबाने घड्याळ हलवून पाहिलं! लॅबबाईंनी एवढंच विचारलं, चुकणार नाही ना? माझ्याकडे माणसं रिपोर्टकडे डोळे लावून बसलेली असतात. मी म्हटलं, बाई, एकोणीस वर्षं.

साहेबाने जाहीर केलं, नवा प्रोग्राम सध्या कपाटात. चष्मेवालीने माझं अभिनंदन केलं. तोंड बारीक झालं होतं, पण केलं. मग हळूच म्हणाली, टिपेत लिहिलंय तसं एकदा त्यांना विचारून तरी घ्या. माझं डोकंच फिरलं. जो तो उठतो आणि साडूला विचार म्हणतो! मी सगळ्यांसमोर म्हटलं की घाबरट माणसाने लावलेल्या कड्या काढायला घाबरट माणसाची परवानगी लागत नाही. दोघं हसले. तेवढंच पुरे.

घरी येऊन हिला सांगितलं. बरं झालं म्हणाली. जेवताना दोनदा फोन वाजला तिचा, उठून गॅलरीत गेली. माझ्या आनंदाच्या दिवशीसुद्धा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठला लॅबमध्ये बसवला. दोन हजार रिपोर्ट, ६.४१. लॅबबाई म्हणाल्या, छान. या बाईंच्या तोंडून छान! साडेआठला निघालो. रस्त्याने चालत आलो, ते चार किलोमीटर धरता येतील.

वाटेत वाटलं, साडूला हे कळायला हवं. फोन नाही करणार. पण कळायला हवं.

२० सप्टेंबर. दुपारी १२.१५

लॅबमधून फोन. नऊ वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये प्रोस्टेटची तपासणी आलीय. साहेब हसला, मीही हसलो. म्हटलं, टाइप करणाऱ्याची चूक.

२० सप्टेंबर. संध्याकाळी ६

एकतीस. कालचे आणि आजचे मिळून एकतीस रिपोर्ट. आकडे एक घर खाली सरकलेत, वरच्याचे खालच्याला. लॅबबाईंनी काल सकाळपासूनचे सगळे कागद एकटीने परत तपासले. आठच्या छपाईत एकही चूक नाही. नऊला आहेत, दहाला आहेत, अकराला आहेत. दर तासाच्या ठोक्याला.

नव्या मशीनचा दोष असणार. साहेबाला तसं सांगितलं. तो हसला नाही.

लॅबमध्ये जुनी आवृत्ती परत बसवली, कड्यांसकट. तात्पुरती.

२१ सप्टेंबर, शनिवार

लॅबबाईंनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली नाही. म्हणाल्या, एकतीसपैकी तीस आम्ही हातोहात परत घेतले, एक निसटला. एका बाईला दुसऱ्याच कोणाचा रिपोर्ट गेला. वाईट होता. ती बाहेरच्या बाकावर दोन तास बसून होती. कोणाला फोन करायचा तेच तिला सुचत नव्हतं. मग सापडली, खरा कागद दिला. तिचं सगळं नॉर्मल होतं. ती रागावली नाही, उलट आमचेच आभार मानून गेली. तुम्ही तो बाक बघून घ्या, म्हणाल्या.

बघितला. लाकडी बाक. मला काय बघायचं होतं कळलं नाही. बसलो थोडा वेळ. परत येताना चुकीच्या बसमध्ये चढलो. सकाळी काही खाल्लं नव्हतं, त्याने असेल.

२३ सप्टेंबर, सोमवार

साहेबाला लेखी खुलासा हवाय. विचार केला, शांत डोक्याने. चिडणं बंद आहे ना.

प्रोग्राम मूळचा निर्दोष. त्यात आठ वर्षांपूर्वी परक्या हाताने चारशे बारा लॉक घुसवले. मूळ रचनेला तेव्हाच धक्का लागला. आज कड्या लावणं थांबवल्यावर तो जुना दोष वर आला. म्हणजे जबाबदारी कोणाची? पूर्वीच्या कर्मचाऱ्याची. त्याने पूर्वीही अशीच चूक लेखी कबूल केलेली आहे. असा दीड पानी खुलासा दिला. सही केली. साडूचं नाव लिहिताना अक्षर छान आलं.

हिला नाही सांगितलं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

२४ सप्टेंबर

साहेब म्हणाला, तुमच्या साडूंना मी फोन केला होता, तुमचा खुलासा वाचून दाखवला. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, माझं जे होतं ते फाइलमध्ये आहे, आता मी काही बोलणार नाही. आणि फोन ठेवला.

बघा! बोलायला तोंड नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

सात वाजता घरी. बेसिनमध्ये दोन कप. ही लवकर झोपली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

फाइल निघाली. चष्मेवालीने तळघरातून आणली, धूळ झटकली, साहेबासमोर उघडली. साडूचं पत्र एकाच पानाचं. तिने वाचलं. लिहिलं होतं, रिपोर्टांची अदलाबदल माझ्या निष्काळजीपणामुळे झाली, लॉक लावायचे माझ्याकडून राहून गेले, यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही. मी म्हटलं, ऐका, त्याच्याच तोंडून. ती म्हणाली, तारीख बघा.

बारा मार्च. तिने मग भिंतीकडे पाहिलं. साहेबाने पाहिलं. मीही पाहिलं. प्रशस्तिपत्रावर तारीख दहा मार्च, वर्ष तेच. राखणदार बसवला तो दिवस.

तिनेच सांगितलं, अगदी हळू आवाजात. दर तासाला राखणदार उठतो तो दुसरा थ्रेडच असतो. सकाळी प्रोग्राम 'मी एकटाच आहे का' विचारतो तेव्हा तो झोपलेला असतो. छपाई त्याच यादीत नावं भरत असते, आणि हा त्याच वेळी ती यादी हलवतो. त्या दोघांनी एकमेकांसाठी थांबावं म्हणून ते लॉक. पत्रात तुमच्या राखणदाराचं नावही नाही. त्यांनी ते घेतलंच नाही.

मी तिला समजावलं. राखणदार थ्रेड असा नाही. तासातून एकदा येतो. दोन सेकंद. त्याला काय घरातला धरतात? तो पाहुणा

वाक्य पूर्ण झालं नाही. तिथेही नाही, इथेही नाही.

२७ सप्टेंबर

चाललो नाही. ऑफिसला जाऊन बसलो. प्रशस्तिपत्र उतरवलं. भिंतीवर खाली पांढरा चौकोन राहिला, तो जास्तच दिसतो. परत लावलं. परत उतरवलं.

विचार करत होतो की त्याने मला तेव्हा सांगितलं का नाही. नंतर आठवलं. पहिल्या वर्षी फोन यायचे.

चष्मेवालीला म्हटलं, तुमची पद्धत आता बसवू या. दर कडीपाशी विचारायची. ६.५०. सातच्या आत आहे, राखणदार आला तर कळेलही. ती म्हणाली, हो, चाललं असतं. साहेब म्हणाला, लॅबबाई आता तुमच्या प्रोग्रामचं नावही ऐकून घेत नाहीत. नऊ सेकंद. नऊ सेकंदांसाठी!

३० सप्टेंबर, सोमवार. सकाळी ११

बंद केला. बटण मलाच दाबायला लावलं, मान म्हणून. दहा सेकंदही लागले नाहीत. चष्मेवालीचा नवा सुरू झाला. त्यात सहा थ्रेड आहेत, आणि प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत थांबतो. बघत राहिलो थोडा वेळ. वाईट लिहिलेला नाही.

साहेब म्हणाला, दोन आठवडे रजा घ्या, मग बघू. मग बघू याचा अर्थ मला कळतो.

३० सप्टेंबर. दुपारी ३

घरात कोणी नाही. दुसरं काही सुचेना म्हणून ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. आपण नक्की कुठे चुकलो ते शोधायला.

पेन्सिलीने लिहिलंय. समासात, बारीक अक्षरात. शिक्षिकेचं अक्षर, ओळखायला वेळ लागत नाही.

'आज चाललो. चार किलोमीटर.' याच्यापुढे: गच्चीवर. अकरा मिनिटं.

'आवाज फक्त चढला.' याच्यापुढे: खालच्या मजल्यापर्यंत.

'लोकांना दुसऱ्याच्या घरात बसायचंही कळत नाही.' याच्यापुढे: भावोजींची पाठ दुखते. दर बुधवारी ताई आणि ते येतात. सहापर्यंत थांबतात. तुम्ही सातला येता.

दर बुधवारी. आठ वर्षं. माझ्या खुर्चीत.

'काहीही झालं तरी' याच्या समोर काही शब्द नाहीत. फक्त फोन नंबर. पुढे तारीख घातलीय, २ सप्टेंबर. म्हणजे पहिल्याच दिवशी. आणि मी खणाला कुलूप न लावण्याचं कौतुक लिहून ठेवलंय.

'मूलबाळ आम्हाला झालं नाही. आहे ते हेच.' तिथे काही लिहिलेलं नाही. एक रेघ ओढलीय खाली, हलकी, आणि मग खोडरबराने पुसलीय. पण रेघ दिसते.

तेवीस तारखेच्या पानावर, अक्षर छान आल्याच्या ओळीखाली: हे वाचून ताईला सांगावं लागलं. भावोजी आता यायचे नाहीत.

त्यानंतर पेन्सिल कुठेच नाही.

३० सप्टेंबर. संध्याकाळी ५.४०

ही आली. मी वही टेबलावर उघडीच ठेवली होती. तिने पाहिली, पर्स ठेवली, पाय धुतले, चहा टाकला. भांडण होईल म्हणून तयारीत होतो. माझी वही का वाचलीस असं विचारायचं होतं. विचारलं ते भलतंच. विचारलं, तो चहा अजून बिनसाखरेचाच घेतो का?

ती रडली. मला वाटलं होतं ती माझ्यासाठी रडेल, पण तसं नव्हतं. म्हणाली, आठ वर्षं मी त्यांना सांगत होते, थांबा, आज लवकर येतील.

३० सप्टेंबर. संध्याकाळी ६.२०

बाथरूमची कडी सैल झाली होती, आवळली. परवा बुधवार. ताई आली तर येईल. मी घरीच आहे.

नंबर वहीतून बघून लावला. माफी वगैरे काही मागणार नव्हतो. फक्त विचारणार होतो, टिपेत लिहिलंय तसं, की हे का काढू नये. बराच वेळ वाजला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला.

उचलला नाही. कामात असेल.